खांबावर नव्हे, फलकावर

कॅडेट मित्रांनो, रात्रीच्या रोल कॉलनंतर हाउसच्या नोटीस बोर्डासमोर होणारी गर्दी मी रोज पाहतो. उद्याचा ड्रेस कोणता, ड्युटी कोणाची, हॉकीच्या संघात कोण आणि मेसमध्ये काय, एवढे पाहून तुम्ही अर्ध्या मिनिटात पसार होता. बोर्डावर दहा-बारा कागद असतात. त्यातले तुम्हाला हवे ते दोन-तीन तुम्ही वाचता, बाकीचे तुमच्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पंधरा दिवस लागलेला एखादा कागद कशाचा आहे असे विचारले, तर भलेभले गप्प होतात.

या अर्ध्या मिनिटाचा विचार मी फौजेत असताना कधी केला नव्हता. युनिटमध्ये पार्ट वन ऑर्डर लागली की ती वाचावीच लागते. वाचली नाही तर वाचायला लावणारे असतात. ई.एम.ई.मधली चोवीस वर्षांची नोकरी संपवून मी दिल्लीत घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा छोटा धंदा सुरू केला, तेव्हा पहिल्यांदा कळले की आपला कागद वाचायला कोणीही बांधलेला नाही.

धंदा ही गोष्ट तुम्हाला आज लांबची वाटेल. पण तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना ती तितकी लांब नाही. जवान साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी येतो. पेन्शन असते, पण मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते नेमके तेव्हाच डोक्यावर असतात. हातात कला असते, शिस्त असते, आणि आपल्याला काय येते हे आजूबाजूच्या एकाही माणसाला माहीत नसते. ते कसे सांगायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तीनशे कागद आणि एक खरवडणी

आम्ही राहत होतो द्वारकेत. नव्या गावात नव्या माणसाने करायची ती चूक मी पहिल्याच महिन्यात केली. तीनशे हँडबिले छापून घेतली आणि एका संध्याकाळी विजेचे खांब, बसथांबा, सोसायट्यांच्या कुंपणभिंती, जिथे जागा दिसली तिथे खळ लावून चिकटवली. कागदावर लिहिले होते : ‘सर्व प्रकारची विद्युत उपकरणे खात्रीशीर व वाजवी दरात दुरुस्त करून मिळतील. एकदा अवश्य संधी द्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. मला वाटले, पहिले गिऱ्हाईक. तो एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन होता. भिंतीला नुकताच रंग दिला होता. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘तुम्हाला शोधावे लागले नाही, नंबर तुम्हीच दिला आहे.’ बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन मी दोन तास ती भिंत खरवडत बसलो होतो. येणारे-जाणारे पाहत होते. माझी तिथली पहिली जाहिरात म्हणाल तर ती हीच.

त्या दिवशी स्वस्तात सुटलो, हे नंतर समजले. दिल्लीत मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा २००७ चा कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडणारी भिंत, खांब किंवा इमारत विद्रूप केली तर एक वर्षापर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कागद मी नाही, पैसे देऊन ठेवलेल्या मुलाने चिकटवले, ही सबबही चालत नाही. ज्याच्या फायद्यासाठी ते चिकटवले, तोही जबाबदार धरला जातो. महाराष्ट्रातही १९९५ चा असाच कायदा आहे.

हा कायदा कागदावरच राहतो असे कोणाला वाटत असेल, तर २०२४ ची एक घटना सांगतो. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाची निवडणूक होती. प्रचाराच्या पोस्टरांनी आणि रंगाने शहरातल्या भिंती भरून गेल्या होत्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २७ सप्टेंबरला मतदान होऊ दिले, पण भिंती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणी थांबवली. निकाल लागला थेट २५ नोव्हेंबरला. उमेदवार जवळजवळ दोन महिने आपण जिंकलो की हरलो हे न कळता बसले होते. भिंतीवर नाव मोठे करायला गेले आणि मते पेटीतच अडकली.

आधी गेटवर रिपोर्ट

मला वाट दाखवली ती दुधाच्या बूथवरच्या एका साहेबांनी. दिल्ली आणि आसपासच्या भागात मदर डेअरीचे दुधाचे बूथ आणि ‘सफल’ची भाजी-फळांची दुकाने माजी सैनिकांना चालवायला देण्याची योजना आहे. ती संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय राबवते. आमच्या जवळच्या बूथवर एक निवृत्त सुभेदार होते, सातारा जिल्ह्यातले. भिंत खरवडल्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. दूध घ्यायला गेलो आणि ‘राम राम साहेब’ म्हटले, तर ते हसायलाच लागले.

‘हवालदार, नव्या पोस्टिंगवर गेलास की आधी काय करतोस?’

‘रिपोर्ट करतो, साहेब.’

‘मग इथं गेटवर रिपोर्ट न करता भिंती कशाला रंगवत सुटलास? ज्याचं गेट त्याला विचार. बोर्ड असतोच आत.’

या एका वाक्यात सगळे आले. खांब कोणाचाच नसतो, म्हणून खांबावरच्या कागदावर कोणाचा विश्वास बसत नाही. तिथे घरबसल्या कमाईपासून केस उगवण्याच्या तेलापर्यंत सगळे चिकटलेले असते. फलकाला मात्र धनी असतो. काचेआड, कुलपात कागद लावलेला दिसला की वाचणारा मनात म्हणतो, कोणीतरी या माणसाला पाहून परवानगी दिली असेल. म्हणजे कागद लागतो तेव्हा त्या सोसायटीची थोडी पत आपल्याला उसनी मिळते. उसने घेतलेले परत करायचे असते, ते कसे, हे शेवटी सांगतो.

दिल्ली परिसरात असे फलक शोधले तर बरेच सापडतात. सोसायटीच्या किंवा कॉलनीच्या रहिवासी संघाचा फलक गेटजवळ असतो. त्यासाठी सेक्रेटरींना भेटायचे, कागद दाखवायचा, ओळखपत्राची प्रत द्यायची. काही जण महिन्याचे थोडे शुल्क घेतात, त्याची पावती मागून घ्यावी. वाण्याच्या, औषधांच्या किंवा दुधाच्या दुकानातला फलक दुकानदाराच्या मर्जीवर असतो. तिथे रांगेत उभा असलेला माणूस काहीतरी वाचतच असतो, म्हणून ती जागा उत्तम. नोएडाच्या सेक्टर २१ आणि २५ मधल्या जलवायु विहारसारख्या वसाहती हवाई दल आणि नौदलाच्या माणसांसाठी बांधलेल्या. अशा ठिकाणी ‘माजी सैनिक’ हे दोन शब्द लोक आपुलकीने वाचतात. छावणीच्या आतली गोष्ट वेगळी. तिथला प्रत्येक फलक कोणत्या ना कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात असतो. लेखी परवानगीशिवाय तिकडे टाचणीसुद्धा लावू नये. सेवेत असलेल्यांच्या कुटुंबाने काही सुरू करायचे असेल, तर सरकारी निवासात ते चालते का आणि कार्यालयाला कळवावे लागते का, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या माणसांचे फलक हा आणखी एक प्रकार. पहाडगंज, करोल बाग हा दिल्लीतल्या मराठी माणसांचा जुना भाग. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. शिवाय दिल्लीत ठिकठिकाणी मराठी मंडळे आहेत आणि गणपतीच्या दिवसांत तिथे सगळे जमतात. दिवाळीचा फराळ, पुरणपोळी, उकडीचे मोदक किंवा नऊवारी शिवून देणे अशा कामांसाठी याहून चांगली जागा नाही. माझ्या गीझरला मात्र मराठी-पंजाबी असा भेद नव्हता. त्यामुळे माझा कागद घराजवळच्या फलकांवर हिंदीत लागला.

कागदावर काय लिहावे

माझ्या पहिल्या हँडबिलात चूक काय होती, हे तुम्ही आता सांगू शकाल. ‘सर्व प्रकारची’ म्हणजे नेमके काय? ‘वाजवी’ म्हणजे किती? ‘खात्रीशीर’ असे कोण लिहीत नाही? वाचणाऱ्याच्या एकाही प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. दुसरा कागद मी ऑर्डर लिहितात तसा लिहिला : काय, कुठे, केव्हा, किती, कोण. मराठीत तो असा होईल :

गीझर तापत नाही?
घरी येऊन तपासणी १५० रुपये. काम केले तर तपासणीचे वेगळे पैसे नाहीत.
सुटा भाग बिलासह. काढलेला जुना भाग तुमच्या हातात.
वेळ : सकाळी ९ ते संध्याकाळी ७. फक्त याच सेक्टरमध्ये.
माजी सैनिक, ई.एम.ई., २४ वर्षांचा अनुभव.
हा कागद ३० नोव्हेंबरपर्यंत.

पहिली ओळ इतक्या मोठ्या अक्षरात, की दहा पावलांवरून वाचता यावी. बाकीचे जवळ आल्यावर वाचले तरी चालते. एका कागदावर एकच काम. मला मिक्सर, पंखा, इन्व्हर्टर सगळे येत होते, पण सगळे लिहिले की काहीच लक्षात राहत नाही. पुण्याच्या पाट्यांची आपण चेष्टा करतो, पण एक गुण मान्य करायला हवा : पाटी उभ्या उभ्या वाचून होते आणि अर्थाबद्दल शंका राहत नाही. त्यांचा थोडकेपणा घ्यावा, सूर मात्र पुण्यातच ठेवावा.

‘फक्त याच सेक्टरमध्ये’ ही ओळ पाहून घरचे म्हणाले, गिऱ्हाईक कशाला कमी करता? पण त्याच ओळीमुळे फोन आले. हा माणूस जवळचा आहे, आज बोलावले तर आज येईल आणि पळून जाणार नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते. ‘जुना भाग तुमच्या हातात’ हीसुद्धा तशीच ओळ. न बदललेल्या भागाचे पैसे घेणारे कारागीर लोकांनी पाहिलेले असतात.

कागद केव्हा लावावा, यालाही महत्त्व आहे. दिल्लीचा धंदा ऋतूवर चालतो. मार्च संपताना लोक माळ्यावरचा कूलर खाली काढतात. जूनमध्ये वीज गेली की इन्व्हर्टरची आठवण होते. दिवाळी झाली की गीझर चालू करून पाहतात, आणि तेव्हाच तो बंद पडल्याचे कळते. बोअरच्या जड पाण्याने आतल्या कांडीवर खडूसारखा थर बसलेला असतो. डिसेंबरच्या थंडीत ज्याचा गीझर बंद पडला आहे, तो फलक वाचत बसत नाही, मिळेल त्याला बोलावतो. म्हणून माझा कागद पंधरा दिवस आधी लागायचा. कूलरच्या कागदावर तळाशी मी एक ओळ जोडली होती : ‘टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूचे डास साठलेल्या पाण्यात वाढतात.’ ही ओळ लोकांच्या उपयोगाची असल्याने सेक्रेटरींनी तो कागद मुदत संपल्यावरही काढला नाही.

काय लिहू नये

तिरंगा छापू नये. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने राष्ट्रध्वज धंद्यासाठी वापरता येत नाही. चार सिंहांच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. माजी सैनिक असणे खरे आहे, तेवढे लिहावे. युनिटचे चिन्ह, वर्दीतला फोटो, कुठे कुठे पोस्टिंग होते त्याची यादी, यातले काहीही दुरुस्तीच्या कामाला लागत नाही. आणि सेवेत असलेल्या माणसाच्या घरातून लागलेल्या कागदावर युनिटचे नाव किंवा ‘साहेब बाहेर असतात, सकाळी यावे’ अशी ओळ असेल, तर ती घराच्या आणि युनिटच्या दोघांच्या सुरक्षेच्या विरुद्ध आहे.

घराचा पूर्ण पत्ता आणि घरचा रोजचा नंबर देऊ नये. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावा. महिलांनी तर ही काळजी जरूर घ्यावी. पैसे देण्याचा क्यू.आर. कोड फलकावर लावू नये. २०२५ च्या जानेवारीत खजुराहोमध्ये चोरट्यांनी रात्रीतून दुकानांच्या कोडवर आपले कोड चिकटवले, आणि गिऱ्हाइकांचे पैसे दुसऱ्याच्याच खात्यात गेले. दुकानदार दुकानात बसून असतो, तरी हे झाले. फलकाजवळ तर कोणीच नसते.

जे लिहाल ते दाखवता आले पाहिजे. खाण्याचे पदार्थ विकणार असाल, तर धंदा घरगुती असला तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक कागदावर द्यावा. छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत.

किती पट्ट्या फाटल्या

कागदाच्या खालच्या कडेला कात्रीने झालरीसारख्या आठ उभ्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येकीवर नंबर व ‘गीझर’ एवढेच लिहायचे. घरी गेल्यावर नुसता नंबर पाहून माणसाला आठवत नाही, हा नंबर कशाचा. पहिली पट्टी आपणच फाडून ठेवावी. कोऱ्या झालरीला हात लावायला लोक संकोचतात.

दर रविवारी मी तिन्ही फलकांवर फेरी मारायचो आणि फाटलेल्या पट्ट्या वहीत लिहायचो. फोन आला की विचारायचो, ‘कागद कुठे पाहिलात?’ महिनाभरात चित्र स्पष्ट झाले. सगळ्यात मोठ्या सोसायटीच्या फलकावरून जवळजवळ कोणीच आले नाही. तो फलक गाड्यांच्या वाटेवर होता आणि गाडीतला माणूस थांबत नाही. बूथवरच्या लहानशा फलकावरून सगळ्यात जास्त आले. मोठ्या फलकावरचा कागद काढून मी लिफ्टजवळच्या फलकाची परवानगी मागितली. टेहळणी केल्याशिवाय ठाणे निवडू नये, हे फौजेत शिकलेलेच होते, फक्त इथे लागू करायला उशीर झाला.

आता मोबाइलवर प्रत्येक सोसायटीचा गट असतो, मग फलक कशाला, असे कोणी विचारेल. गटातला निरोप सकाळच्या शुभेच्छांखाली तासाभरात गाडला जातो. कागद महिनाभर जागेवर असतो. आणि गटात नसलेली माणसे, म्हणजे भाडेकरू, आजी-आजोबा, घरकामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, तीही तो वाचतात. माझी निम्मी कामे त्यांनीच सांगितलेली होती.

उसने परत

फलक पहिले गिऱ्हाईक आणतो. दुसरे आणत नाही, ते कामाने येते. डिसेंबरात एका घरी मी गीझरची कांडी बदलली होती. तीन आठवड्यांनी रात्री साडेआठला त्या घरातल्या आजोबांचा फोन आला, पाणी पुन्हा थंड. खरे सांगायचे तर जायचा कंटाळा आला होता. बाहेर धुके, आणि दोष कांडीचा नसून त्यांच्या जुन्या वायरचा असणार याचा मला अंदाज होता. पण त्यांच्या गेटवर माझा कागद टांगलेला होता. सकाळी तिथून जाणारी सगळी घरे तो पाहणार होती, आणि ज्यांनी विश्वासाने काचेचे कुलूप उघडून दिले ते सेक्रेटरीही पाहणार होते. गेलो. दोष वायरचाच निघाला. वायर बदलली, तिचे पैसे घेतले, फेरीचे घेतले नाहीत. खांबावरच्या कागदावर मी गेलो असतो का? प्रामाणिक उत्तर आहे, बहुधा नाही. सोसायटीची पत परत करायची ती अशी.

ते सेक्रेटरी कोण, हे सांगायचे राहिले. ज्यांची भिंत मी खरवडली होती, तेच. परवानगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी ओळखले. म्हणाले, ‘भिंत नीट साफ केली होती तुम्ही. लावा कागद.’

या शाळेत नोकरी लागली आणि द्वारका सोडायची वेळ आली. पोस्टिंग आऊट होताना आपण क्लिअरन्सचा कागद घेऊन स्टोअर, मेस, वाचनालय अशी सगळीकडे सही घेत फिरतो. तसाच मी तिन्ही फलकांवर गेलो. माझे कागद काढले, टाचण्या परत केल्या, आणि ‘पुढे गीझर कोणाला सांगू?’ असे विचारणाऱ्यांना एका खात्रीच्या माणसाचे नाव दिले. साहेबांनी त्या दिवशी दुधाचे पैसे घेतले नाहीत.

कॅडेट मित्रांनो, तुम्ही धंदा कराल तेव्हा कराल. आज एवढेच करा. तुमच्या क्लबची किंवा हरवलेल्या बुटाची सूचना लावाल, तेव्हा हाउस मास्टरांना विचारून लावा, पहिली ओळ दहा पावलांवरून वाचून पाहा, तळाशी तारीख घाला. आणि ती तारीख उलटली की तो कागद स्वतः जाऊन काढा. आपल्या हाउसच्या बोर्डावर अजून मागच्या सत्रातल्या क्रॉस कंट्रीची यादी आहे. ती ज्याने लावली, त्याला मी ओळखतो.